ध्रुवांवरचा बर्फ आणि हिंदमाताचे पाणी

२०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतरचा तो रविवार मुंबईकरांच्या चांगलाच स्मरणात आहे. लालबागहून निघालेली गणेशमूर्ती सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. पण तोवर समुद्राला भरती आली होती आणि मूर्ती तराफ्यावर चढविता येईना. भरती-ओहोटीचे गणित जुळेपर्यंत लाखोंचा जनसमुदाय तासन्‌तास तिष्ठत राहिला. विसर्जन झाले ते रात्री. रविवारची मिस्सा आटोपून घरी परतलेल्या आपल्यापैकी अनेकांनीही ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिले असेल.

त्या दिवसाचा विलंब हा हवामानबदलाचा परिणाम नव्हता, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. भरती तिच्या वेळेवर आली होती. वेळ चुकली ती माणसांची. परंतु त्या निमित्ताने एक गोष्ट साऱ्या शहराने डोळ्यांनी पाहिली. मुंबईत अखेरचा शब्द समुद्राच्या वेळापत्रकाचा असतो. तराफा जसा भरती-ओहोटीची वाट पाहत थांबला, तसेच या शहरातील पावसाचे पाणीही दिवसातून दोन वेळा थांबते. ते कुठे थांबते? हिंदमाता चौकात, परळच्या गल्ल्यांत, लालबागच्या चाळींच्या तळमजल्यावर. ध्रुवप्रदेशांतील बर्फ वितळण्याच्या बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. त्या बातम्यांचा आपल्या दाराशी असलेला संबंध नेमका येथे आहे.

बर्फ वितळतो म्हणजे काय होते?

प्रारंभी एक गैरसमज दूर करावयास हवा. पाण्याने भरलेल्या पेल्यात बर्फाचा तुकडा तरंगत असेल, तर तो वितळल्यावर पेला सांडत नाही. उत्तर ध्रुवावरील समुद्रात तरंगणारा बर्फ असाच आहे. तो वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पातळी वाढते ती जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रात आल्यामुळे. असा बर्फ मुख्यतः दोन ठिकाणी आहे. ग्रीनलंडवर इतका की तो सारा वितळला तर जगातील समुद्र सुमारे ७ मीटर उंचावतील. आणि अंटार्क्टिकावर इतका की ही वाढ ५८ मीटरच्या घरात जाईल. अर्थात असे काही उद्या-परवा घडणार नाही. अशा संपूर्ण विनाशाला शेकडो, किंबहुना हजारो वर्षे लागतील. आपल्या चिंतेचा विषय त्यातील पहिले एक मीटर हा आहे.

समुद्राची पातळी वाढण्याचे दुसरे कारण त्याहून साधे आहे. पाणी तापले की प्रसरण पावते. वातावरणातील अतिरिक्त उष्णतेचा फार मोठा वाटा महासागरांनी शोषून घेतला आहे आणि ते फुगत आहेत. ध्रुवीय बर्फ, पर्वतांवरील हिमनद्या आणि तापलेले पाणी या तिघांचा मिळून हा हिशेब होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी समितीने २०२१ च्या अहवालात तो हिशेब मांडला. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यात ही वाढ वर्षाला १.३ मिलिमीटर होती. २००६ नंतरच्या काळात ती ३.७ मिलिमीटरवर गेली. वाढीपेक्षाही वाढीचा हा वेग अधिक गंभीर आहे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या पातळीच्या तुलनेत २१०० पर्यंत, प्रदूषण झपाट्याने आटोक्यात आणल्यास २८ ते ५५ सेंटिमीटर आणि ते अनिर्बंध चालू राहिल्यास ६३ सेंटिमीटर ते १ मीटर एवढी वाढ संभवते, असे समितीचे अनुमान आहे. अंटार्क्टिकावरील बर्फाचे थर अपेक्षेपेक्षा लवकर ढासळले, तर याहूनही अधिक वाढ होण्याची शक्यता समितीने नाकारलेली नाही.

आपल्या मुंबईचे काय? अपोलो बंदर येथे १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद ठेवली जाते. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरील ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक आहे. ती सांगते की विसाव्या शतकात मुंबईची समुद्रपातळी वर्षाला सरासरी जेमतेम एक मिलिमीटर वाढली. बंगळुरू येथील ‘सीस्टेप’ या अभ्याससंस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९८७ ते २०२१ या काळात ती ४.४४ सेंटिमीटरने वाढली. म्हणजे हाताच्या दोन-तीन बोटांच्या रुंदीएवढी.

येथे विचारी वाचकाच्या मनात प्रश्न येईल, की एवढ्याशा वाढीने काय बिघडते? आपले पूर तर पावसामुळे येतात! हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच खरी धोक्याची सूचना दडलेली आहे. समुद्र अद्याप फारसा चढलेला नाही, तरीही आपण बुडतो. मग तो चढू लागेल तेव्हा काय होईल?

सात बेटांची आठवण

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे इतिहासात डोकवावे लागते. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, माहीम आणि वरळी ही सात बेटे होती आणि त्यांच्यामध्ये भरतीच्या वेळी पाणी भरत असे. दादरचे अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन चर्च, ज्याला सारे लोक ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून ओळखतात, त्याची स्थापना १५९६ मधील. त्या काळी तेथे येणारा भाविक एका बेटावर राहत होता. पायधुनी हे नावच सांगते की खाडीतून चालत आलेली माणसे तेथे पाय धूत असत. उमरखाडीची खाडी गेली, नाव तेवढे उरले.

वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील खिंडारातून समुद्र थेट शहराच्या पोटात शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत तेथे बांध घातला गेला आणि १७८४ च्या सुमारास तो पूर्ण झाला. बांध पुन्हा पुन्हा कोसळत असल्याची, महालक्ष्मी मंदिराशी निगडित आख्यायिका सर्वश्रुत आहे. बांधामागची दलदल हळूहळू भरून काढण्यात आली. आज कामाठीपुरा जेथे उभा आहे तो भाग त्यातूनच वसला. पुढे १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा सेतुमार्ग झाला. विसाव्या शतकात बॅकबेच्या भरावावर मरीन ड्राइव्ह आणि नंतर नरिमन पॉइंट उभे राहिले.

समुद्र हटविला गेला. परंतु जमीन उंच झाली नाही. भराव घातला तो पाणी दिसेनासे होईल इतकाच. दोन बेटांच्या मधला भाग हा बशीसारखा खोलगटच राहिला. हिंदमाता ही अशीच एक बशी आहे. आजूबाजूच्या उंच भागांतील पाणी तेथे उतरते आणि तेथून त्याला बाहेर पडण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे रस्त्याखालील जलवाहिन्यांमधून समुद्राकडे.

समुद्र रस्त्याखालून येतो

ब्रिटिश काळात बांधलेल्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील, तेही ओहोटीच्या वेळी, अशा हिशेबाने आखलेल्या होत्या. त्यांची समुद्रात उघडणारी पातमुखे बहुतांशी भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. ओहोटी असेल तर पाणी आपसूक वाहून जाते. भरती आली की समुद्राचे पाणी पातमुखावर चढते. दरवाजे असतील तर ते बंद करावे लागतात आणि नसतील तर खारे पाणीच उलट वाहिन्यांत शिरते. वरून पाऊस, खालून समुद्र. अशा वेळी मोरीतून आणि शौचालयातून पाणी घरात वर येते, हा अनुभव परळ-लालबागच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना नवा नाही.

१९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहवालाने जलवाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याची आणि समुद्रकिनारी पाणी उपसणारी केंद्रे उभारण्याची शिफारस केली. तो अहवाल वर्षानुवर्षे पडून राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, शेकडो माणसे दगावली, तेव्हा कोठे कामाला वेग आला. त्यानंतर हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, रे रोडचे ब्रिटानिया अशी उपसा केंद्रे उभी राहिली. हिंदमातासाठी परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली पाणी साठविण्याच्या भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. भरती असेपर्यंत पाणी टाकीत धरून ठेवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे, अशी ही योजना. तिच्यामुळे हिंदमाताचे पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते, हे मान्य करावयास हवे.

पण या योजनेचा पाया कोणता, हे पाहा. ओहोटी येईल, पुरेसा वेळ टिकेल आणि तेवढ्या वेळात टाकी रिकामी होईल, या विश्वासावर ती उभी आहे. समुद्राची सरासरी पातळी वाढली की भरती अधिक काळ पातमुखावर राहते आणि ओहोटीची उघडी खिडकी लहान होते. पंपांना तेवढेच पाणी अधिक उंचीवर ढकलावे लागते. टाकी तीच, पंप तेच, पाऊस मात्र पूर्वीपेक्षा अधिक जोराचा, आणि वेळ कमी. ग्रीनलंडमधील बर्फ परळला बुडविणार तो अशा रीतीने. लाटांच्या थैमानाने नव्हे, तर एकेक सेंटिमीटरने हिरावून घेतलेल्या मिनिटांनी.

या भूमिगत वाटेचे एक दुःखद दर्शन २९ ऑगस्ट २०१७ रोजी घडले. त्या दिवशीच्या मुसळधार पावसात प्रभादेवी परिसरात पाण्यातून चालत घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या समुद्रकिनारी मिळाला. त्यांच्या मृत्यूने शहर हळहळले. आपल्या पायांखालचा रस्ता आणि समुद्र यांच्यात किती थोडे अंतर आहे, हे त्या घटनेने जसे सांगितले तसे कोणत्याही नकाशाने सांगितलेले नाही.

त्यानंतरच्या घटनाही बोलक्या आहेत. ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला आणि सहसा न तुंबणारे चर्चगेट, गिरगाव, नरिमन पॉइंट हे भाग पाण्याखाली गेले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटर वेगाचे वारे नोंदले गेले. २६ मे २०२५ रोजी पावसाळा नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी मुंबईत दाखल झाला आणि वरळीचे आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्थानक, उघडून अवघे काही दिवस झाले असताना, पाण्याने भरले. यांतील प्रत्येक घटनेचे खापर समुद्राच्या वाढत्या पातळीवर फोडणे चुकीचे ठरेल. मात्र तापलेल्या समुद्रावरून अधिक बाष्प येते आणि पाऊस थोड्या वेळात अधिक कोसळतो, हे आता सर्वमान्य आहे. चढणारा समुद्र आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आल्यास काय होईल, याची ही रंगीत तालीम होय.

नकाशांची भीती आणि बेफिकिरी

२०१९ मध्ये एका अमेरिकन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या नकाशांत २०५० पर्यंत मुंबईचा मोठा भाग लाल रंगात दिसला आणि खळबळ उडाली. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्तांनी जाहीर सभेत सांगितले, की २०५० पर्यंत ए, बी, सी आणि डी या विभागांतील ७० टक्के भाग पाण्याखाली जाण्याचा धोका आहे. गिरगाव हे त्यातील डी विभागात येते. ‘सीस्टेप’च्या २०२४ च्या अहवालानेही २०४० पर्यंत शहराच्या दहा टक्क्यांहून अधिक जमिनीला धोका असल्याचे म्हटले.

अशा बातम्यांवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही जण घाबरतात. काही जण ‘मुंबई बुडणार’ हे आम्ही कधीपासून ऐकतो आहोत, असे म्हणून हसतात. दोन्ही प्रतिक्रिया निष्फळ आहेत. हे नकाशे म्हणजे भविष्यवाणी नव्हे. एखादी जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, एवढेच त्यांतील रंग सांगतो. तेथे भिंत आहे काय, दरवाजा आहे काय, पंप चालतो काय, हे त्या रंगात दिसत नाही. दुसरीकडे, किनाऱ्याचा रंग पाहून ‘आम्ही तर लालबागला राहतो, समुद्र आमच्यापासून दूर आहे’ असे समाधान मानणाऱ्यांनाही नकाशा फसवितो. मुंबईचा किनारा केवळ मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी नाही. जेथे जेथे भरतीमुळे पाणी अडते, तेथे तेथे तो आहे. या अर्थाने हिंदमाता चौक हाही किनाराच आहे.

भिंत कोणासाठी?

व्हेनिस शहराने समुद्राला अडविणारे अजस्र दरवाजे उभारले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ते प्रथमच प्रत्यक्ष भरतीविरुद्ध उचलले. १९५३ च्या महापुरानंतर नेदरलँड्सनेही धरणे व दरवाजे यांची प्रचंड साखळी बांधली. मुंबईनेही तसेच करावे, असे सुचविले जाते. मात्र एक फरक ध्यानी घ्यावयास हवा. तेथे तासाभरात शंभर मिलिमीटर कोसळणारा मोसमी पाऊस नाही. आपण भिंत बांधली तर समुद्र बाहेर राहील, पण पाऊस आत कोंडला जाईल. म्हणून पाणी मुरण्यासाठी आणि साठण्यासाठी आतमध्ये मोकळी जागा असणे, हाच मुंबईच्या संरक्षणाचा खरा आधार आहे.

अशी जागा गिरणगावाला मिळू शकली असती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माणासाठी आणि उर्वरित मालकांकडे राहावयाचा होता. २००१ मध्ये नियम बदलला. मोकळ्या जागेचा हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. परळ-लालबागमध्ये आज मनोरे आणि मॉल आहेत, त्यांच्याखाली दोन-दोन मजल्यांची वाहनतळे आहेत. पण पाणी पिणारी माती फारशी उरलेली नाही.

किनाऱ्यावरही हाच प्रश्न आहे. मरीन लाइन्स ते वरळी हा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव घालण्यात आला. प्रवासाचा वेळ वाचला, हे खरे. किनारपट्टीचे रक्षण होईल असेही सांगितले जाते. पण वरळीच्या कोळी बांधवांना आपल्या होड्यांना वाट मिळावी म्हणून, पुलाच्या दोन खांबांमधील अंतर वाढविण्यासाठी, वर्षानुवर्षे झगडावे लागले; तेव्हा २०२२ च्या अखेरीस ती मागणी मान्य झाली. समुद्राला पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्यांचे म्हणणे सर्वांत शेवटी ऐकले गेले. मार्च २०२२ नंतर प्रदीर्घ काळ महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्याच महिन्यात मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात पूरनियंत्रण, हरित आच्छादन, कचरा, ऊर्जा अशी चांगली प्रकरणे आहेत. तो कागदावर राहतो की ब्रिमस्टोवॅडप्रमाणे पुढच्या आपत्तीची वाट पाहतो, हे नागरिकांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.

आपण काय करू शकतो?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वाढत्या समुद्राचा उल्लेख करून, जगाची एक चतुर्थांश लोकसंख्या किनाऱ्याजवळ राहते आणि बहुतेक महानगरे तेथेच आहेत, याकडे लक्ष वेधले होते. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. आपल्या शहरात या शिकवणुकीचा पत्ता अगदी ठाऊक आहे. पाणी चढते तेव्हा विसाव्या मजल्यावरच्या कुटुंबाची गैरसोय होते; तळमजल्यावरच्या कुटुंबाचा संसार वाहून जातो. बर्फ वितळविणारा धूर सर्वाधिक ज्यांनी सोडला, त्यांच्या घरात हे पाणी शिरत नाही.

म्हणून आपल्या धर्मग्रामांनी काही साध्या गोष्टी मनावर घ्याव्यात. चर्च आणि शाळा यांच्या आवारांत फरशी घालण्यापूर्वी थोडी माती उघडी ठेवावी, पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका साडेचार मीटरहून उंच भरतींच्या तारखा जाहीर करते. ते पत्रक चर्चच्या फलकावर लावावे आणि त्या दिवशी तळमजल्यावरील वृद्ध व आजारी यांची विचारपूस कोणी करावयाची, हे आधीच ठरवावे. चाळींच्या पुनर्विकासाच्या बैठकांत केवळ चटईक्षेत्र न विचारता, इमारतीचे जोते किती उंच आहे, पाणी कोठे जाणार आणि विजेचे मीटर कोठे बसणार, हेही विचारावे. विभाग कार्यालयात जाऊन, आपल्या गल्लीतील वाहिनी कोणत्या पातमुखाला मिळते आणि त्याला दरवाजा आहे काय, याची माहिती मागावी. हा प्रश्न विचारावयास कोणत्याही पक्षाचे सदस्यत्व लागत नाही.

ग्रीनलंडचा बर्फ आपल्या हाती नाही. २८ सेंटिमीटर की १ मीटर, हा निर्णय जगातील मोठ्या राष्ट्रांच्या हाती अधिक आहे. परंतु जे पाणी येईल ते प्रथम कोणाच्या उंबरठ्यावर चढेल, हा निर्णय मुंबईतच होत आहे. दर नव्या भरावाबरोबर, दर बुजविलेल्या मैदानाबरोबर. सात बेटे जोडून आपल्या पूर्वजांनी एक शहर घडविले. त्यातील सखल जागी राहणाऱ्यांना पुन्हा एकदा बेटावर एकटे सोडावयाचे की नाही, हे मात्र आपल्याच हाती आहे.